मडमेचं तुणतुणं

आबा,

काल नात भिंतीवरचं मडमेचं तुणतुणं खाली काढून बसली होती. ती गिटार शिकते, म्हणजे शिकते असं म्हणते, आम्हाला तरी अजून एक गाणं सबंध ऐकायला मिळालेलं नाही. तिनं कातड्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाली, आजी, हे पार मेलंय गं, ह्याला आता प्लास्टिकचं मिळतं, मी मागवते, आवाज एकदम खणखणीत होईल. तिनं चांगल्या मनानंच म्हटलं होतं. पण मी अशी काही तिच्या अंगावर ओरडले की सून स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. खबरदार हात लावशील तर, असं म्हणाले मी. पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिनं ते परत खुंटीला अडकवलं आणि आत निघून गेली. मग मी तिथंच पलंगावर बसून राहिले आणि मलाच उमजेना, मी ओरडले कशासाठी? त्या कातड्याचा आवाज मला तरी कुठं गोड वाटतो? म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले. आईला विचारायची सोय राहिली नाही, मडम कुठल्या कुठं गेली. आणि तुम्ही तर जिवंत असतानाही कशाचं सरळ उत्तर दिलं नाहीत, तेव्हा तुम्ही गेल्यानं फारसा फरक पडायचा नाही.

मला मडमेकडं नेलंत तुम्हीच, हे आधी सांगून ठेवते, कारण आपल्या घरात नंतर सगळे म्हणत राहिले की पोरीनंच खूळ घेतलं. औषधाचा कारखाना नुकता उभा राहिला होता. आपली वरची जमीन त्यात गेली, विहिरीसकट गेली, आणि त्याच जमिनीवर बांधलेल्या साहेबलोकांच्या बंगल्यांत तुम्ही माळी म्हणून लागलात. जिथं तुम्ही बाजरी पेरायचा तिथं आता हिरवळ कापायचा. ह्यावर तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत, आईच काढायची. कडेच्या बंगल्यात यंत्रं बसवायला आलेला अमेरिकेचा साहेब राहायचा आणि त्याची ती मडम. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. लाल केस, तोंडावर ठिपकेच ठिपके, आणि पायांत बहुतेक वेळा काही नाही. साहेबाची बायको अनवाणी हिंडते ह्याचंच आईला केवढं नवल होतं. एके दिवशी तुम्ही कामावरून आलात आणि पाय धुताधुता म्हणालात की मडमेकडं तुणतुणं हाय, पाच तारांचं, चल ऐकायला. मी तेव्हा कारखान्यात पॅकिंगला लागून काहीच महिने झाले होते. डोक्याला पांढरी टोपी बांधून बाटल्यांना लेबलं लावायची. मला वाटलं, आबा चेष्टा करतायत.

चेष्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी तुमच्या कामाच्या वेळी बंगल्यावर आले तर मडम व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती आणि मांडीवर ते वाद्य. बँजो त्याचं नाव, पण तुमच्या तोंडी ते कधी आलंच नाही. चाळणीसारखं गोल कडं, त्याला सगळीकडून लोखंडी आकडे, आकड्यांनी ताणून बसवलेलं कातडं आणि लांब दांडी. चार तारा वरपर्यंत गेलेल्या आणि पाचवी अर्ध्या दांडीवरच एका खुंटीला थांबलेली. ती वाजवायला लागली की अंगठा सारखा त्या आखूड तारेवर येऊन पडायचा. बाकीच्या तारा चढायच्या, उतरायच्या, भांडायच्या, आणि ती आपली एकाच सुरात. तुम्ही खुरपं हातात धरून उभे होता. मला हळूच म्हणालात, "ती बारकी तार काय बोलत न्हाई बघ. नुसती सोबत करती." मी मडमेकडं बघत होते आणि मडम तुमच्याकडं. तिला वाटलं असणार, माळी काम सोडून उभा आहे म्हणजे पाणी हवं असेल. ती उठून आत गेली आणि तुमच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आली. तुम्ही तो मुकाट्यानं प्यालात.

मग माझं जाणं सुरू झालं. पहिली पाळी सुटली की मी तडक बंगल्यावर. ती मला वाजवायला शिकवायची, मी तिला मराठी शिकवायची. माझं इंग्रजी सातवी पास पोरीचं आणि तिचं मराठी आपल्या गावचं, तुमच्याकडून उचललेलं. साहेबाला जेवायला वाढताना ती "बसा की" म्हणायची. ती कुठल्या तरी डोंगराळ मुलखातली होती. तिचा बाप कोळशाच्या खाणीत होता. ही गाणी तिला आजीनं शिकवली आणि आजीला तिच्या आजीनं. बँजोही आजीचाच. त्यांच्याकडं दिवाणखान्यात बसून ऐकायची ती गाणी नव्हतीच, शेंगा सोलताना, मूल निजवताना, कुणी मेलं की रात्र जागवताना म्हणायची. एक गाणं जोरकस चालीचं होतं, त्यात एक खेचर ओढा ओलांडायला तयार होत नाही आणि मालक त्याला कशाकशाची लालूच दाखवतो. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. म्हणालात, हे मडमेच्या मुलखातलं न्हाई, हे आपल्या मावळातलंच हाय. दुसरं गाणं संथ होतं. त्यात एक मुलगी म्हणते, मी डोंगरावर जाते, तिथं थंडी आहे, तिथं माझं कुणी नाही, पण मी जाते. का जाते ते गाण्यात नाही. मी मडमेला विचारलं तर ती म्हणाली, आजीला माहीत असेल. मला ते तेव्हाही कळलं नाही आणि आत्ताही नाही, पण मी ते चांगलं म्हणायची आबा, हे माझं मलाच कळायचं. बोटं रक्ताळायची, बाटल्यांना लेबल लावताना खळीत झोंबायची, आणि तरी संध्याकाळ कधी होते असं व्हायचं.

आईचा जीव मात्र टांगणीला. लग्नाची पोर, कमावते इथवर ठीक, पण तंतुवाद्य घेऊन गाणं म्हणते हे पाव्हण्यांच्या कानावर गेलं तर ते उंबरा चढतील का? फडावर नाचवायची आहे का पोरीला, असं तिनं तुम्हाला भाकरी वाढता वाढता विचारलं. तुम्ही भाकरी मोडलीत, आमटीत कुस्करलीत आणि म्हणालात, देवळात बाया भजन म्हणत न्हाईत का? आई म्हणाली, भजन वेगळं. तुम्ही म्हणालात, तार तारच की. विषय संपला. तुमचं असंच होतं, एक वाक्य टाकायचं आणि ताट घेऊन उठायचं. आणि त्या वर्षी खांडेनवमीला तुम्ही स्वतः मडमेकडं जाऊन ते वाद्य मागून आणलंत. आमच्यात हत्याराची पूजा असती, पोरगी ज्याच्यावर हात चालवती ते पाटावर पायजे, असं तिला सांगितलंत. गोठ्यातल्या भिंतीशी तुम्ही पाट मांडलात. नांगराचा फाळ, विळे, खुरपी, तुमचे भजनाचे टाळ, आणि विहीर गेली तरी तुम्ही न टाकलेली ती जुनी मोट. त्या सगळ्यांच्या मधोमध मडमेचं तुणतुणं, झेंडूची माळ घालून. तुम्ही कातड्याच्या बरोबर मध्ये हळदीकुंकवाची बोटं ओढलीत. तो डाग पुढं गेलाच नाही. मी घाबरतच वाद्य परत नेलं, पण मडम डागाकडं बघून इतकी खूश झाली की साहेबाला हाका मारून दाखवायला लागली.

पुढच्या वर्षी गणपतीत वसाहतीच्या मंडळानं मडमेला विचारलं की मांडवात कार्यक्रम कराल का. मडम म्हणाली, मी नाही, माझी शिष्या करेल, मी पुढं बसून ऐकेन. मी नको नको म्हणत होते. पण तुम्ही खूश होता. उघड काही बोलला नाहीत, तरी देवळातल्या कट्ट्यावर तुम्ही ते दोन-चार जणांना सांगितलंत हे मला कळलं होतं. सरावासाठी मडमेनं वाद्य माझ्याकडंच देऊन टाकलं. पण पावसाळी हवा, कातडं सैल पडायचं, सूर बसायचाच नाही. तुम्ही ते चुलीपाशी धरून शेकायचा, हलगीवाले शेकतात तसं, आणि पाठीमागून बोट लावून लावून बघायचा. गणपती आठवड्यावर आले असताना मडम स्वतः आपल्या घरी आली, आकडे कसे आवळायचे ते दाखवायला. आपल्या कपिला गाईला तेव्हा नुकतीच पाडी झाली होती आणि ती मधल्या अंगणात बांधलेली होती. मडमेला वासराचं फार कौतुक. ती मातीत बसली, पाडीच्या गळ्याखाली खाजवलं. तुम्ही आपलं सहज विचारलंत, बाई, हे कातडं कशाचं हो? आमच्याकडं ढोलकीला शेळीचं घालत्यात. मडमेला प्रश्न कळला आणि उत्तर मराठीत देता येतंय ह्याचाच आनंद झाला. तिनं एक हात बँजोवर ठेवला आणि दुसरा आपल्या पाडीच्या पाठीवर. म्हणाली, "हेच. वासरू."

त्यानंतर अंगणात जे झालं ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. म्हणजे काहीच झालं नाही, तेच दिसतं. आई दारात उभी होती, ती आत गेली. तुम्ही हळदीकुंकवाच्या त्या डागाकडं बघत होता. मडम आमच्या तोंडांकडं बघते आहे, तिला कळतंय की काहीतरी बिनसलं, पण काय ते कळत नाही, आणि मला दोन्हीकडचं कळतंय तरी मी नुसती पाडीचं दावं धरून उभी. मग तुम्ही आईला हाक मारून ताक आणायला सांगितलंत. मडम ताक प्याली, आकडे आवळून दाखवले आणि गेली. तुम्ही तिला वेशीपर्यंत सोडून आलात, नेहमीसारखे. घरी आल्यावर आई म्हणाली, गोठ्यात देवाच्या पाटावर मांडलंत ते. तुम्ही जेवलात आणि पाडीला वैरण टाकून आलात. मी विचारलं, आबा, मांडवात वाजवू का नको? तुम्ही म्हणालात, झोप आता, तुझी पहिली पाळी हाय.

सकाळी उठून बघते तर भिंतीवर वाद्य नाही आणि तुम्हीही नाही. आई म्हणाली, मला काही सांगून गेले नाहीत. मला एकच वाटलं, पवनेत सोडलं. नदी दोन्ही काठ भरून चालली होती. आबा, मी त्या दिवशी कामावर कशी गेले ते मला ठाऊक नाही. ते वाद्य माझं नव्हतं, आपलं नव्हतं, एका परक्या बाईच्या आजीचं होतं आणि तिनं ते विश्वासानं माझ्या हातात दिलं होतं. लेबलं वाकडी लागत होती, सुपरवायझर बाईंनी दोनदा टोकलं. तुमचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. देव तुमचा, पाट तुमचा, डाग तुम्हीच ओढलात, आणि आता सोडलंत पाण्यात. संध्याकाळी मी घरी येऊन उंबऱ्यावरच बसले, आत जावंसंच वाटेना. तेवढ्यात तुम्ही स्टेशनाकडून येताना दिसलात. डोक्याला पटका, अंगावर भिजलेलं घोंगडं आणि घोंगड्याखाली काहीतरी पोटाशी धरलेलं. तुम्ही पुण्याला तबलेवाल्याकडं जाऊन आला होता. त्यानं असलं वाद्य जन्मात बघितलं नव्हतं, नाही नाही म्हणत होता, तुम्ही दिवसभर त्याच्या दुकानात ठाण मांडून त्याच्याकडून ते शेळीच्या कातड्यानं मढवून घेतलं होतंत. माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "घे. आता वाजव कुठंबी."

माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मी तार छेडली. आवाज आला थप्प. जाड कातडं, वर कुठंकुठं केस राहिलेले. ती खणखण, ती डोंगरातली थंडी, सगळं गेलं होतं. आखूड तारसुद्धा मुकी झाली. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पटका सोडून पिळत होता. मला तुमच्या पाया पडावं असंही वाटत होतं आणि ओरडावं असंही वाटत होतं, आणि मी दोन्हीपैकी काही केलं नाही. चांगलं झालंय, एवढंच म्हणाले. तुम्ही ऐकलंत की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मडमेला सांगायला तुम्ही माझ्याबरोबर आलात. तिनं कातड्यावरून हात फिरवला, वाजवून बघितलं, आणि पहिल्यांदा तिनं हेच विचारलं, जुनं कुठं आहे? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग ती इंग्रजीत भराभरा बोलायला लागली आणि मी तुम्हाला जमेल तसं सांगत गेले. ते वासरू तिचंच होतं. ती लहान असताना त्याची आई मेली आणि हिनं त्याला बाटलीनं दूध पाजलं. एका हिवाळ्यात ते थंडीनं गारठून मेलं. ही जेवेना, तेव्हा आजोबा म्हणाले, सगळंच नको जायला, आणि त्यांनी ते कातडं कमावून आजीच्या बँजोला चढवलं. हे सगळं मी तुम्हाला नीट सांगितलं का? कापलेलं नव्हतं, आपोआप मेलेलं होतं, हे तरी तुमच्यापर्यंत पोचलं का? मला खात्री नाही. माझं इंग्रजी तेवढं कुठं होतं? शिवाय मी रडत होते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, चला, दावतो.

नदीकाठच्या आपल्या उरलेल्या तुकड्यावर, बांधाला, जिथं आपला म्हातारा बैल पुरला होता, तिथंच तुम्ही ते पुरलं होतंत. ताजी माती होती, वर एक धोंडा आणि धोंड्यावर हळदीकुंकू. म्हणजे पुण्याला जाताना कातडं आधी घरीच उतरवून, पहाटे तिथं जाऊन, मग तुम्ही गाडी धरली होती. मडम चिखलात अनवाणीच उभी राहिली. उकरून देऊ का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या समजुतीनं तुम्ही तसं विचारलंत, कारण तुम्ही खाली वाकून धोंड्याला हात घातला होता. तिनं मान हलवली, नको. मग ती गायला लागली, वाद्याशिवाय, ते संथ गाणं, डोंगरावर जाणाऱ्या मुलीचं. तुम्ही डोक्यावरचा पटका काढून हातात घेतलात. तुम्ही मयताला सोडून घराबाहेर कुठं डोकं उघडं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी दोघांच्या मधे उभी. कुणी कुणाची माफी मागितली, की मागितलीच नाही, की दोघंही फक्त त्या वासरासाठी उभे होता, हे मला सांगता यायचं नाही. जाताना मडमेनं तुम्हाला नमस्कार केला आणि म्हणाली, "बरं केलं." आता ते बरं केलं म्हणजे खरंच बरं केलं, की तिला एवढंच मराठी येत होतं?

आणि मग गणपती. मांडव भरलेला, पुढच्या खुर्च्यांवर साहेबलोक, मागं सतरंजीवर आपली माणसं. आई आली होती. डोक्यावरचा पदर दातांत धरून बायकांत बसली होती, पण आली होती. मी खेचराचं गाणं वाजवलं तर पोरं उठून नाचायला लागली. थप्प थप्प आवाजावरसुद्धा नाचली. मग संथ गाणं म्हणताना मी मान वर करून तुम्हाला शोधलं. बायकांच्या पलीकडं बघितलं, खांबापाशी, दिव्याखाली, चपला काढलेल्या तिथं. तुम्ही नव्हता. एका देवापुढं मला वाजवता यावं म्हणून तुम्ही दिवसभर तबलेवाल्याच्या दारात बसलात, आणि वाजवायच्या वेळी तुम्ही आलाच नाहीत. गाणं अर्ध्यात असताना माझा आवाज फाटला. लोकांना वाटलं, गाण्यातच तसं आहे. टाळ्या झाल्या. घरी आले तेव्हा तुम्ही गोठ्यात पाडीला गूळ चारत होता. झालं का, असं विचारलंत. मी झालं म्हणाले. एवढंच आपलं बोलणं. तुम्ही गेलात तोवर त्यावर पुन्हा एक अक्षर नाही.

राहिलेली यंत्रं बसवून झाली आणि साहेब-मडम निघाले. जाताना तिनं बँजो मला देऊन टाकला. मी नाही नाही म्हणत होते तर म्हणाली, हा आता शेळीचा आहे, माझ्याकडं काय करू? ती हसत होती, पण मला ते हसणंही नीट वाचता आलं नाही. माझं लग्न झालं, तेही कारखान्यातल्याच माणसाशी, आणि त्यानं बँजोबद्दल कधी वाकडं विचारलं नाही. मी मुलांना झोपवताना वाजवायची. मंडळात पुन्हा कधी नाही. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण स्टेजवर जायचं म्हटलं की माझे डोळे खांबापाशी जायचे.

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही, आबा. ती मोट कशाची होती? बैलाच्याच कातड्याची ना? तिचं पाणी आपण आयुष्यभर प्यालो, त्याच पाण्यानं देव धुतले, आणि खांडेनवमीला तिलाही त्याच पाटावर हळदीकुंकू लागायचं, वाद्याच्या अगदी शेजारी. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मग वासराचंच एवढं का? देवळातल्या लोकांना कळलं असतं म्हणून? आई बोलली म्हणून? की मडमेचा एक हात कातड्यावर आणि दुसरा आपल्या जित्या पाडीवर होता, म्हणून? मी तिन्ही उत्तरं घेऊन बसते आणि तिन्ही खरी वाटतात. विहीर गेली तरी तुम्ही मोट ठेवलीत, आणि एका परक्या वासराचं कातडं एका रात्रीत पुरलंत. मला ह्याचा ताळमेळ लागत नाही. तुम्हाला तरी लागला होता का?

आई शेवटच्या वर्षात माझ्याकडं होती, इथंच, निगडीला. तेव्हा ती काहीही बोलायची, मेलेल्या माणसांना जेवायला वाढ म्हणायची. एकदा दुपारी मी खुंटीवरचा बँजो पुसत होते तर ती पलंगावरून म्हणाली, "त्ये मांडवात आलं न्हाईत त्या दिशी, व्हय ना? मला म्हनलं, मी बिघडवलं गं त्ये. त्या वासराचाच आवाज ग्वाड हुता. आता पोरगी वाजवंल आन् मी कसा ऐकू." मी फडकं टाकून तिच्याजवळ गेले. आई, असं कधी म्हणाले आबा, कुठं म्हणाले? तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, तू कोण गं बाई? मग दोन-तीन दिवस मी तिला फिरून फिरून विचारलं. ती कधी म्हणाली की तुम्ही गोठ्यात बसून रडला होता, कधी म्हणाली तुम्ही त्या दिवशी पुण्याला गेला होता. तुम्ही ते खरंच म्हणालात, की आईनं माझं तोंड बघून मला बरं वाटावं म्हणून रचलं, ते मला आता कधी कळायचं नाही. आईला तसं रचताही यायचं, आणि तुम्हाला तसं म्हणताही आलं असतं.

आत्ता नात पुन्हा येऊन दारात उभी राहून गेली. सॉरी आजी, नाही मागवत, म्हणाली. मी तिला जवळ बसवून घेतलं आणि वाजवून दाखवते म्हटलं. बोटं वळत नाहीत, तरी खेचराला ओढ्यापर्यंत नेलं. ती म्हणाली, आवाज खरंच चांगला नाहीये गं. मी म्हणाले, नाहीच आहे. तिनं विचारलं, मग बदलत का नाहीस? आबा, ते कातडं दोनदा फाटलं आणि दोन्ही वेळा मी त्याच तबलेवाल्याच्या पोराकडं जाऊन ते शेळीचंच मढवून आणलं. दुसऱ्यांदा तर तो स्वतः म्हणाला होता, बाई, ह्याला वासराचं पातळ कातडं मिळतं, बघू का? मी नको म्हणाले. बाहेर येऊन रिक्षात बसले आणि रडले.

मांडवात तुम्ही यायला हवं होतंत. मला तो आवाज तेव्हाही आवडला नव्हता, पण तुमच्या समोर मी तो वाजवला असता.